जंताचं औषध पाजूनही महिन्याभरात मेंढरं परत खंगतायत? चिंकाऱ्याला शिव्या घालायच्या आधी हे तपासा

दर श्रावणात फोन चालू होतात. "औषध पाजून वीस-पंचवीस दिवस झाले, मेंढरं परत मागं राहायला लागली, ती हरणं येतात ना आमच्या माळावर, त्यांच्यामुळंच होतंय हे सगळं." आमचा वाडा, म्हणजे मेंढपाळाचा तळ, सुप्याच्या बाजूला, सव्वाशे-दीडशे मेंढरं आणि थोडी शेरडं. हा घोळ मी स्वतःच्या कळपात तीनदा निस्तरलाय आणि पाहुण्या-शेजाऱ्यांच्या कळपात किती वेळा ते मोजलेलं नाही. मी डॉक्टर नाही, पण सारखं तेच तेच बघून एक क्रम बसलाय, तो लिहून ठेवतो म्हणजे फोनवर अर्धा अर्धा तास बोलायला नको.

आधी लक्षणं

सगळे "जंत झालेत" एवढंच सांगतात पण जंत म्हणजे एक प्रकार नाही. पावसाळ्यात घाटावर मेंढरांना सगळ्यात जास्त लोळवतो तो हिमोंकस, चौथ्या पोटात राहणारा रक्तपित्या जंत. त्याची खूण अशी: मेंढी कळपाच्या मागं राहते, चालता चालता बसते, डोळ्याची आतली कातडी पांढरी पडते, लोकर ओढली की हातात येते, आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. ही पिशवी संध्याकाळी मोठी दिसते, कारण दिवसभर मान खाली घालून चरलेली असते, आणि सकाळी कमी झालेली असते म्हणून लोकांना वाटतं आपोआप बरं झालं. आणि महत्त्वाचं म्हणजे लेंड्या चांगल्या बांधलेल्या असतात, हगवण नसते, त्यामुळं "लेंडी तर चांगली टाकतीय, जंत कुठले" म्हणून माणूस फसतो. कधी कधी तर धडधाकट दिसणारी मेंढीच सकाळी वाघरीत, म्हणजे रात्री कोंडायच्या जाळीत, मेलेली सापडते.

जबड्याखालची सूज बघून निम्मे लोक घटसर्प म्हणतात. फरक हातानं कळतो. जंताची सूज गार आणि मऊ असते, बोटानं दाबली की खड्डा पडून राहतो, मेंढीला दुखत नाही. घटसर्पात सूज गरम आणि दुखरी, ताप सणसणीत, श्वास घरघरतो आणि जनावर दिवस-दोन दिवसांत जातं. एक थर्मामीटर वाड्यावर ठेवाच. १०२ ते १०३ फॅरनहाइटच्या आसपास मेंढीला नॉर्मल असतं, त्यापेक्षा दोन-तीन डिग्री वर गेलं की जंताचा विषय बंद आणि डॉक्टरला फोन.

हगवण असेल तर दुसरे जंत, आणि महिना-दोन महिन्यांच्या कोकरांना रक्ताची हगवण असेल तर बऱ्याचदा तो जंतच नसतो, कॉक्सिडिया नावाचा डोळ्याला न दिसणारा आतड्यातला परजीवी असतो, त्याला जंताचं औषध कितीही पाजा काही उपयोग नाही. मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरत असेल तर ते अजून वेगळं, खाली कुत्र्याच्या भागात सांगतो.

पहिली तपासणी: डोळा. फुकट आहे.

सगळा कळप एका सकाळी बघायचा, ऊन असताना, मोबाईलच्या टॉर्चवर नाही. अंगठ्यानं वरची पापणी मिटवून डोळा हलकेच आत दाबायचा आणि दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढायची, आतली कातडी बाहेर येते. डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल असेल तर उत्तम, गुलाबी असेल तर लक्ष ठेवा, भिजलेल्या कागदासारखी पांढरी असेल तर त्या मेंढीला आजच औषध. दक्षिण आफ्रिकेत याचा फामाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता बनवलाय, त्यात ४ आणि ५ नंबरला औषध द्यायचंच, ३ नंबरला गाभण आणि कोकरं असतील तर द्यायचं. डॉक्टरकडं असला तर एकदा बघून घ्या, डोळ्याला सवय लागते.

हे का करायचं? कारण कळपातल्या थोड्याच जनावरांच्या पोटात बहुतेक जंत असतात. आमच्याकडं एका वर्षी १४० मधल्या १९ मेंढ्या पांढऱ्या निघाल्या, बाकीच्यांना औषध दिलंच नाही, काही बिघडलं नाही. लोक म्हणतात अर्ध्या कळपाला औषध म्हणजे अर्धवट काम. उलट आहे. सगळ्यांना सारखं औषध पाजलं की मागं राहतो तो फक्त औषध पचवणारा जंत, आणि पुढची सगळी पिल्लावळ त्याचीच. काही मेंढरं बिनऔषधाची राहिली की साध्या जंतांची अंडीही माळावर पडत राहतात आणि औषधाला दाद न देणारे त्यांच्यात मिसळून जातात.

दुसरी: दिवस मोजा. ही पण फुकट.

औषध कोणत्या तारखेला पाजलं आणि मेंढी परत कधी पांढरी दिसली, यातलं अंतर काढा. गवतावरून पोटात गेलेली अळी मोठी होऊन अंडी घालायला साधारण तीन आठवडे घेते. औषधानंतर आठ-दहा दिवसांतही लेंडीत अंडी तेवढीच आणि डोळा तसाच पांढरा, म्हणजे औषधानं जंत मेलेच नाहीत. डोळा आधी सुधारला आणि चार-पाच आठवड्यांनी परत फिका पडला, म्हणजे औषधानं काम केलं पण मेंढीनं माळावरून परत जंत खाल्ले. ह्या दोन गोष्टींचे इलाज एकदम वेगळे आहेत, आणि दहातल्या सात-आठ जणांना तारीखच आठवत नसते. "अमावास्येच्या आसपास पाजलं होतं" असलं उत्तर येतं. वाघरीच्या खुंट्यावर नाहीतर मोबाईलवर, कुठंतरी लिहा.

तिसरी: पिचकारी आणि वजन

औषध मेलं म्हणण्याआधी डोस बघा. गेल्या साली एका वाड्यावर गेलो, तीन वर्षं एकच पिचकारी वापरतात. १० मिलीवर लावून सिरिंजमध्ये सोडली तर ७ मिली बाहेर आलं, आतला रबर झिजलेला. तीन वर्षं सगळ्या कळपाला पाऊण डोस! जंत मारायचा नाही, फक्त त्याला तालमीत घालायचं, असा प्रकार. रबर बदलला की काम झालं, दुकानात मिळतो.

वजनाचंही तेच. कळपाचा अंदाजे सरासरी डोस काढला तर जड मेंढ्यांना कमी पडतो. प्रत्येकीचं वजन जमत नसेल तर गटातल्या सगळ्यात जड मेंढीच्या वजनानं त्या गटाचा डोस, पण मोठी मेंढी आणि कोकरं एका गटात धरू नका. लेव्हामिसोल नावाच्या जंताच्या औषधाचा तर डोस थोडा वर गेला तरी जनावराला झटका बसतो, आणि क्लोसँटेल या दुसऱ्या औषधाचा ओव्हरडोस झाला तर मेंढी आंधळी होते, हे मी बघितलंय, एका कोकराचे दोन्ही डोळे गेले. शेरडांना मेंढीचा डोस पुरत नाही, त्यांचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं, पण "मग दुप्पट देतो" असं स्वतः ठरवू नका, डॉक्टरला विचारा. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध गाभण राहिल्यापासून पहिल्या महिन्यात देऊच नका, कोकरू व्यंगाचं जन्मतं. मेंढा कळपात कधी सोडला ती तारीखही म्हणून लिहायची.

आणि औषध जिभेच्या मुळाशी, मागं सोडायचं. पुढं तोंडात सोडलं तर ते पहिलं पोट चुकवून सरळ पुढं निघून जातं आणि अल्बेंडाझोलसारख्या औषधाचा जोर कमी पडतो.

चौथी: पाणी आणि ओल. इथं हरणाचा संबंध येतो.

जंताची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. एका मेंढीत अशा पाचशे माद्या धरल्या तरी रोजची पंचवीस लाख अंडी लेंडीतून खाली. उबदार ओल मिळाली तर आठवड्याभरात त्यातून अळ्या तयार होऊन दवावरून गवताच्या काडीवर चढतात, त्यातल्या बहुतेक तळातल्या चार-पाच बोटांतच असतात. मे महिन्यात आपल्या उघड्या माळावर अळी तग धरत नाही, ऊन आणि कोरड तिला मारते. मग जगते कुठं? जिथं ओल आहे तिथं. हौदाची गळकी तोटी, पाझर तलावाची कडा, पाणवठ्याच्या भोवतीची हिरवी चकती. आणि उन्हाळ्यात त्या हिरव्या चकतीवर मेंढरं, शेरडं, काळवीट सगळे एकत्र तोंड घालतात, कारण दुसरीकडं हिरवं काही उरलेलंच नसतं.

आमचा स्वतःचा घोळ इथंच होता. हौदाची तोटी वर्षभर ठिबकत होती आणि खाली दोन गुंठ्यांत गुडघाभर गवत, मेंढरं पाण्याला आली की दहा मिनिटं तेच खायची. थोरला चुलता म्हणायचा, "खाऊ दे रं, दुष्काळात तेवढंच हिरवं." वायसर बदलला, हौदाभोवती मुरूम टाकला, पुढच्या पावसाळ्यात औषधाच्या दोन पाळ्या वाचल्या. एवढ्या स्वस्तात कधीच काही मिटलं नव्हतं.

म्हणून: मेंढरांचं पाणी वेगळ्या टबात, कोरड्या जागेवर. जंगली जनावरांच्या पाणवठ्यावर कळप नेऊच नका, ते त्यांच्यासाठी आहे आणि तिथं तुमचीच मेंढरं लेंड्या टाकून ठेवतात. वाघर रोज हलवा, शेतात बसवता तेव्हा हलतेच, पण वाड्यावर पावसाळ्यात आठ आठ दिवस एकाच जागी राहते आणि तिथलं गवत सकाळी पहिलं खाल्लं जातं. दव उडाल्यावर सोडलं तर थोडा फायदा आहे, पूर्ण इलाज नाही. गवत मुळापर्यंत खरडेपर्यंत एका जागी थांबू नका. लहान कोकरांना सगळ्यात जुन्या, चरून संपलेल्या जागी सोडायची पद्धत आहे ती एकदम उलटी आहे, त्यांचा अजून जंताशी लढायचा जोर तयार झालेला नसतो.

पाचवी: वाड्यावरची कुत्री

गोल फिरणारी मेंढी. तिच्या मेंदूत पाण्याचा फुगा असतो, एका पट्टकृमीची अळी. मोठा कृमी राहतो कुत्र्याच्या, लांडग्याच्या, कोल्ह्याच्या आतड्यात, त्यांच्या विष्ठेतून अंडी गवतावर, मेंढीच्या पोटातून मेंदूत, आणि मेलेल्या मेंढीचं डोकं परत कुत्र्यानं खाल्लं की चक्र पूर्ण. लांडगा आहे आपल्या माळावर, नाही म्हणत नाही, पण लांडगा वाड्याभोवती रोज हगत नाही, आपली चार कुत्री हगतात. आपणच मुंडकं, फुप्फुस, पाण्याचे फुगे असलेलं काळीज त्यांच्यापुढं टाकतो. ते बंद करा, शिजवून द्या नाहीतर खोल पुरा, आणि कुत्र्यांना डॉक्टरला विचारून प्राझिक्वांटेल, म्हणजे पट्टकृमीचं औषध, ठरलेल्या अंतरानं द्या. हे मेंढीपुरतं नाही, काळजा-फुप्फुसातल्या फुग्याचा एक प्रकार कुत्र्यामार्फत माणसालाही होतो, पोरं कुत्र्याशी खेळून तसाच हात तोंडात घालतात.

फिरणारी मेंढी लाळ गाळत असेल, आक्रमक झाली असेल किंवा आधी कुत्रा-लांडगा चावल्याचं माहीत असेल तर तिच्या तोंडात हात घालायचा नाही. रेबीज असू शकतो. थांबा आणि डॉक्टर.

सहावी: लेंडी तपासणी. थोडा खर्च.

इथपर्यंत सगळं बरोबर असूनही मेंढरं पांढरी पडत असतील तर लॅब. दहा-पंधरा मेंढ्यांच्या लेंड्या वेगवेगळ्या पिशवीत, ताज्या, हवा दाबून काढून बांधलेल्या. औषधाच्या दिवशी एकदा, मग १० ते १४ दिवसांनी त्याच मेंढ्यांच्या परत. अंड्यांची संख्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली तर जंत त्या औषधाला सरावलेत असं धरतात. मग औषधाचा गट बदलायचा, आणि इथं दुकानदाराच्या भरवशावर राहू नका. अल्बेंडाझोल बंद करून फेनबेंडाझोल घेतलं तर नाव बदललं, गट तोच, आणि बाटलीवरचं चित्र वेगळं असलं तरी उपयोग शून्य. बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचा.

कोकणातून वर आलेल्या वाड्यांनी एक जास्त सांगायचं: "सेडिमेंटेशन पण करा," म्हणजे लेंडी पाण्यात कालवून तळाला बसलेली अंडी बघायची तपासणी. दिवाळीनंतर कळप खाली उतरतो, भाताच्या खाचरात आणि ओढ्याच्या कडेला चरतो, तिथं गोगलगाईतून यकृतातला चपटा कृमी येतो. त्याची अंडी जड असतात, साध्या तरंगवून बघायच्या तपासणीत दिसतच नाहीत. शिवाय तो अंडी घालायला तीन-चार महिने लावतो, त्यामुळं जूनमध्ये रिपोर्ट स्वच्छ आणि भाद्रपदात मेंढी आडवी, असं होतं. सूज तशीच, डोळा तसाच पांढरा, पण हिमोंकसचं नेहमीचं औषध त्याच्या पिल्लांवर चालत नाही. कोकणात गेलो होतो हे डॉक्टरला स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. गवा, सांबर त्याच पाण्यावर येतात, पण गोगलगाय नसेल तर त्यांच्याकडून थेट मेंढीला हा कृमी होत नाही, हेही लक्षात घ्या.

सातवी, सगळ्यात अवघड: माळ कुणाकुणाचा आहे ते बघणं

आता हरीण. जंत इकडून तिकडं जातात का? जातात. हिमोंकस मेंढी, शेरडू, काळवीट, चिंकारा यातलं कुणी निवडून धरत नाही. रानडुकराचा मात्र याच्याशी संबंध नाही, त्याला उगाच गोवू नका. पण हिशोब करा. तुमच्या माळावर दीडशे मेंढरं रोज, आणि सहा चिंकारे कधीतरी. लेंड्या कुणाच्या जास्त? चिंकारा बोरी-बाभळीचा पाला जास्त खातो, पाणी कमी पितो आणि बऱ्याचदा ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो, तो ढीग चरताना टाळता येतो. काळवीट गवतावरचा, त्याच्याशी आपली गाठ जास्त पडते. मयूरेश्वर अभयारण्य पाच-साडेपाच चौरस किलोमीटरचं, रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य त्याच्याही निम्म्याहून लहान, ती जनावरं बाहेर येणारच, कुंपणाची भाषा करून काही होत नाही.

उलटी बाजू कुणी बोलत नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली छापून आलेल्या अभ्यासात रानातल्या हरणांच्या पोटात बेंझिमिडाझोल गटाला (अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल याच गटातले) दाद न देणारे हिमोंकस सापडले. हरणाला कुणी औषध पाजलं होतं? ते जंत मेंढरांकडूनच गेले. म्हणजे मी पाऊण डोस पाजून जो जंत तयार केला तो हरीण दुसऱ्याच्या माळावर नेऊन ठेवणार, आणि त्या हरणाचा डोळा बघायला कुणी नाही.

यावर एकट्यानं होण्यासारखं एवढंच: विकत आणलेली मेंढरं सरळ माळावर सोडायची नाहीत, डॉक्टरला विचारून दोन वेगळ्या गटांची औषधं द्यायची आणि दोन दिवस बांधून ठेवायची, त्या लेंड्या गोळा करून खड्ड्यात. बाकीचं गावानं मिळून. गायरानाचे दोन तुकडे करून एकात एक महिना शेळ्या-मेंढ्या नाहीत, फक्त गुरं, असं आमच्याकडं एक वर्ष चाललं आणि फरक दिसला, मग दुष्काळ पडला आणि मोडलं. मोठ्या गुरांच्या पोटात मेंढीच्या जंताचा फारसा निभाव लागत नाही, म्हणून ती गवत साफ करून देतात.

एक गोष्ट अजिबात करू नका. पाणवठ्यात जंताचं औषध ओतणं. एकानं मला गंभीरपणे विचारलं होतं. कोण किती पाणी पिणार याचा हिशोब नाही, कुणाला पाव डोस, कुणाला चौपट, आणि वन्यप्राण्याला औषध घालणं हा गुन्हा होईल तो वेगळाच.

इथं थांबा, पुढं डॉक्टर

ताप असेल. एका दिवसात दोन-तीन मेंढरं गेली. तोंडात फोड, नाकातून शेंबूड आणि हगवण एकत्र, म्हणजे पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची शंका. दोन वेगळ्या गटांची औषधं देऊनही डोळा पांढराच. जबड्याची पिशवी आलेली मेंढी उठेनाशी झाली, तिला औषधाबरोबर दुसरा आधार लागतो, नुसता डोस पाजून ती उठत नाही. यातलं काही असेल तर १९६२ ला फोन करा, फिरता दवाखाना येतो.

मेलेली मेंढी स्वतः फाडायची सवय आपल्याला आहे. चौथं पोट उघडलं की राखीच्या दोऱ्यासारखे लाल-पांढरे पीळ पडलेले बोटाच्या पेराएवढे जंत वळवळताना दिसतात, आणि एकदा बघितलं की परत शंका राहत नाही. पण अचानक मेलेली असेल, पोट टम्म फुगलेलं आणि नाकातून किंवा मागून काळं न गोठणारं रक्त आलेलं असेल तर सुरी लावायची नाही, कातडं काढायचं नाही, कुत्र्याला जवळ येऊ द्यायचं नाही. फाशी म्हणजे अँथ्रॅक्स असेल तर माणूसही जातो. मेलेलं हरीण दिसलं तर त्यालाही हात लावायचा नाही, १९२६ वर वनखात्याला कळवायचं.

डॉक्टरकडं जाताना नुसतं "जंत झालेत" सांगू नका. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, पाजल्याच्या तारखा, किती मेंढ्यांचे डोळे पांढरे तो आकडा, कोकणात गेला होता का, मेंढा कधी सोडला. आणि लेंड्या त्याच दिवशी सकाळी घेतलेल्या, पाण्याच्या थंड बाटलीला चिकटवून न्या, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवल्या तर पोचेपर्यंत अंडी फुटतात आणि रिपोर्ट खोटा स्वच्छ येतो.